मी पोर्ट तपासले त्याची गोष्ट

"हलतोय," मी म्हणालो.

"काय हलतंय?" मगदूमांनी विचारलं.

"चार्जरचा पिन. हे बघा. असा दाबून धरला की दिवा लागतो, सोडला की जातो."

"मग सोडायचा कशाला, सर?"

सांगलीतल्या एका व्यापारी संकुलाच्या तळघरात सकाळी अकरापासून आमचं हे असं चाललं होतं आणि आता साडेबारा वाजले होते. भरतेश मगदूम जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकायचे. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे गृहस्थ. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. चिडले की तो डोळ्यांवर चढायचा आणि गिऱ्हाईक पटलं की खाली यायचा. दीड तासात तो एकदाही खाली आला नव्हता. काउंटरवर तीन लॅपटॉप आ वासून पडले होते. तिन्ही मी नापास केले होते.

पहिल्याचा एक यूएसबी पोर्ट मेलेला होता. दुसऱ्याला हेडफोन लावला तर एकाच कानात ऐकू यायचं. तसं मी म्हणालो तेव्हा मगदूम म्हणाले होते, "दुसऱ्या कानानं सोडून द्यायचं असतं की सर, रीतच हाय ती." आणि तिसऱ्याचा हा पिन.

"तुम्ही लॅपटॉप घ्यायला आलायसा का मुलगी बघायला?" मगदूमांचा चष्मा वर होता.

"मुलगी बघताना एवढं बघत न्हाईत हो कुणी," शालनमावशी म्हणाल्या. "उंची बघतात आन् रंग बघतात."

शालन वायदंडे आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होत्या. माझ्याहून चार वर्षांनी लहान; पण आमच्याकडे बाईमाणूस शिपाई म्हणून लागलं की त्याच दिवशी सगळ्या प्राध्यापकांची मावशी होतं. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो काटेकोर पाळला जातो. त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीत पायाने दाबायचं एक काळं पेडल.

त्या पेडलची हकिगत सांगायला हवी, कारण आम्ही त्याच्यामुळेच आलो होतो. मावशींची मुलगी मयूरी. आमच्याच कॉलेजातून बीए झालेली. तिला एका कंपनीत काम मिळालं होतं. डॉक्टर लोक तोंडी सांगून ठेवतात ते कानाने ऐकायचं आणि टाइप करायचं, घरी बसून. ऐकताना थांबवायला, मागे न्यायला पाय वापरायचा. हात टायपिंगला मोकळे. कंपनीने पेडल दिलं होतं. लॅपटॉप आपला आणायचा. पत्रात अटी होत्या: इंटरनेटची वायर लावायचा पोर्ट चालू हवा, हेडफोनचा चालू हवा, पेडलसाठी यूएसबी चालू हवा. सोमवारी सकाळी नऊला कंपनीचा माणूस तिकडून जोडून बघणार, आणि यातलं एक जरी बंद निघालं तर यादीतल्या पुढच्या मुलीला फोन जाणार. तो दिवस शनिवार होता. रविवारी बाजार बंद. मयूरी स्वतः मिरजेला प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवसाला बसली होती.

मी का? तर मी कॉलेजात संगणकाचा जाणकार समजला जात असे. विभागातला प्रिंटर एकदा अडला होता. मी तो बंद करून परत चालू केला आणि तो चालू झाला. तेव्हापासून ही कीर्ती. शिकवायचो मी तर्कशास्त्र, वर्गात सात मुलं, त्यांतली दोन चुकून आलेली.

पण शालनमावशींनी "सर, तुम्ही याल का संगं?" असं विचारल्यावर मी मनावर घेतलं. दोन रात्री व्हिडिओ बघितले, यादी केली. पिशवीत पेनड्राइव्ह, माऊस, हेडफोन, तीन फुटी वायर, टॉर्च आणि दात कोरायच्या काड्या एवढी सामग्री घेतली. प्रत्येक पोर्टात पेनड्राइव्ह घालायचा, फाइल उघडायची, पेनड्राइव्ह हळूच डावी-उजवीकडे हलवायचा, तरी फाइल उघडी राहते का बघायचं. मग पुढचा पोर्ट.

"तपासून घ्यावं लागतं, मगदूम," मी म्हणालो. "या देशात कोणी तपासून देत नाही आणि कोणी तपासून घेत नाही. सगळा कारभार विश्वासावर, आणि विश्वास कशावर? तर कागदावर. खाली शिक्का असला की झालं. एका मुलीची नोकरी या भोकांवर अवलंबून आहे, कळतंय का तुम्हाला? आणि तुम्ही मला म्हणता, पिन दाबून धरा."

"तसं न्हवं हो सर..."

"तसंच आहे. हा तिसरा लॅपटॉप. तुम्ही विकायच्या आधी एकदा तरी लावून बघितला होता?"

मगदूम उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक लॅपटॉप घेऊन आले. काळा, जाडसर, कोपरे अजून टोकदार.

"हा बघा. ह्या लॉटमधले सहाच शिल्लक हायत. बाहेर मांडत न्हाई मी. पाव्हण्यारावळ्यांना देतो. ह्याच्यात खोट काढा, मी दुकान बंद करतो."

असं आव्हान दिल्यावर माणूस कसा तपासतो ते तुम्हाला माहीत असेल. मी बाह्या सारल्या.

डावीकडचा यूएसबी. पेनड्राइव्ह जाईना म्हणून जोर लावला, तर कोऱ्या कुलपात किल्ली बसावी तसा घट्ट बसला. फाइल उघडली. हलवलं, हललं नाही. शेजारचा यूएसबी, तेच. हेडफोन: दोन्ही कानांत. मगदूमांनी त्यांच्या भिंतीवरच्या डबीतून इंटरनेटची वायर ओढून दिली. ती खट्कन आत गेली आणि दोन दिवे लुकलुकायला लागले, एक हिरवा, एक नारिंगी. पडद्याची वायर, तीही ठीक. चार्जरचा पिन मी धरून उचलला तर अख्खा लॅपटॉप उचलला गेला, पण पिन ढिम्म.

शालनमावशी स्टुलावर पुढे सरकल्या होत्या. "आवाज दोन्हीकडून येतोय न्हवं, सर?"

"येतोय."

"वायरीचं?"

"तेही चालू."

"मग ह्योच घेऊया की."

"थांबा. उजवीकडचा राहिलाय."

उजवीकडच्या यूएसबीत पेनड्राइव्ह अर्धा गेला आणि अडला. उलटा करून घातला. अडला. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला मनापासून आनंद झाला. मी मगदूमांकडे बघितलं. त्यांनी चष्मा आणखी वर सारला.

"करा दुकान बंद," मी म्हणालो.

"हे कसं काय?" ते खरोखरच चकित झाले होते. "ह्यो मी बघितला न्हवता... दोन चालतात म्हणून..."

मी टॉर्च लावला. आत काहीतरी अडकलं होतं, तांबूस. दाताची काडी घातली, हळूहळू ओढलं. काउंटरच्या काचेवर एक तांदळाचा दाणा पडला. कुंकवाने लाल झालेला, एका टोकाला हळदीचा पिवळा.

मगदूमांनी तो बोटाच्या टोकावर घेतला. "अक्षता हाय की ही!"

पेनड्राइव्ह आता पूर्ण आत गेला. फाइल उघडली. सगळेच पोर्ट निर्दोष. आणि मला आणखी राग आला.

रागाचं कारण असं. मी परत टॉर्च मारून एकेक पोर्ट बघितला. आतल्या पितळी पट्ट्या सोन्यासारख्या. कडेला ओरखडा नाही, धूळ नाही. जुन्या लॅपटॉपचे पोर्ट जुन्या चपलेसारखे असतात, वापरणाऱ्याचा पाय कळतो. इथे कोणाचाच पाय नव्हता.

"मगदूम, हा वापरलेला नाही."

"तेच सांगतोय की मी मघापासनं!"

"न वापरलेला लॅपटॉप तुमच्याकडे जुना म्हणून कसा येतो? एक तर पोर्ट बदललेत. नाहीतर माल चोरीचा आहे."

मगदूम ताडकन उठले. एवढा वेळ त्यांनी पिन ऐकला, कान ऐकला, दुकान बंद करायचंही ऐकलं. पण आता त्यांचा आवाज बदलला.

"सर, शिकलेली माणसं तुम्ही. चोरीचा म्हणू नका. माझ्या बानं ह्या बाजारात तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. कागद हाय माझ्याकडं. भंगारवाल्याची पावती हाय, त्याला ज्यांनी दिला त्यांचा कागद हाय. दाखवू?"

"दाखवा."

ते टेबलाच्या खणात फाइल शोधू लागले. शोधता शोधता बोलत होते. "तीस मशिनी हुत्या. कुठल्यातरी संस्थेच्या. न वापरता नुसत्या ठेवून दिलेल्या. ठेवून ठेवून बॅटऱ्या मेल्या. बाकी कशाला धक्का न्हाई. मी आपली नवी बॅटरी घातली, दहा मिनिटांचं काम, झाली चालू. लोकांना वाटतं मी दुरुस्त करतो. ह्याच्यात दुरुस्त काय करायचं होतं? नुसतं लावून बघायचं होतं."

"ऐका, मावशी," मी म्हणालो. माझा राग आता मगदूमांवरून उठून त्या संस्थेवर जाऊन बसला होता आणि तिथे त्याला भरपूर जागा मिळाली होती. "ही आपली माणसं. यंत्रावर तांदूळ टाकतील. नारळ फोडतील, पाहुणे बोलावतील, हार घालतील. यंत्र चालवायचं असतं हे काही कोणाच्या डोक्यात येणार नाही. आणि मेलं की भंगारात. कोणी गाढवाने एकदा वायर लावून बघायची तसदी घेतली असती..."

शालनमावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या लॅपटॉपकडे बघत होत्या. त्यांनी तो मिटला, झाकणावरून हात फिरवला. धूळ पुसताना फिरवतात तसा, कडेकडेने. मग उलटा केला.

"ह्याची बॅटरी निघती का हो?" त्यांनी मगदूमांना विचारलं.

"निघती की. ती दोन बटणं सरकवा बाजूला."

त्यांनी सरकवली. बॅटरी काढून बाजूला ठेवली. रिकाम्या खाचेत काळ्या शाईने काहीतरी लिहिलेलं होतं. त्यांनी लॅपटॉप उजेडाकडे धरला.

"चौदा," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांवर हाय तसं," मगदूम म्हणाले. "मी स्पिरिट लावून बघितलं, जात न्हाई. कुणीतरी लै मन लावून लिवलंय."

"मी लिवलंय," शालनमावशी म्हणाल्या.

तर्कशास्त्रात एक पायरी अशी येते की दोन विधानं शेजारी मांडलेली असतात, तिसरं आपोआप खाली येतं, आणि ते अडवायची कुठलीही सोय नसते.

"बाहेर लिवायचं न्हाई म्हणाला होतासा तुम्ही," त्या मला म्हणाल्या. "झाकणावर आकडे बरे दिसत न्हाईत म्हणून. म्हणून मी एकेकाची बॅटरी काढून आत लिवलं. एक ते तीस."

कॉलेजला तीस लॅपटॉप भेट मिळाले होते. परदेशी गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ते पाठवले होते, ज्यांचे आईवडील शाळेत गेले नाहीत अशा मुलींसाठी. तीस मुलींची यादी झाली. समारंभ झाला. पाच मुलींना व्यासपीठावर बोलावून हातात लॅपटॉप दिले, फोटो काढले आणि फोटो झाल्यावर परत घेतले, कारण वाटपाची नियमावली व्हायची होती. नियमावली करायचं काम माझ्याकडे आलं, मी तर्कशुद्ध माणूस म्हणून. मी एकोणीस पानांची केली. लॅपटॉप पडला तर काय, चोरीला गेला तर काय, मुलीचं लग्न ठरलं तर काय, सगळं तीत होतं. ती संस्थेच्या मंजुरीला गेली. प्राचार्य बदलले. नव्या प्राचार्यांनी काही दुरुस्त्या सुचवल्या. तोवर खराब होऊ नयेत म्हणून लॅपटॉप ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात ठेवले. असे तीन वर्षं. मी ते चालू केलेले कधी बघितलेच नव्हते. समोर आला तर ओळखणार कसा?

"सापडला!" मगदूमांनी फाइलीतून कागद ओढला आणि चष्मा सावरून मोठ्याने वाचायला लागले. "'समितीने प्रत्यक्ष तपासणी केली असता सर्व तीस संच पूर्णतः निकामी व दुरुस्तीपलीकडे गेल्याचे आढळले.' ऐकलंसा? प्रत्यक्ष तपासणी. तीन सह्या हायत खाली. दोन काय वाचता येत न्हाईत, ही मधली मातूर झकास हाय. प्रा. वि. ग. गुळवणी." त्यांनी कागद कपाळाला लावला. "सर, तुम्ही मला चोर म्हणालासा, पण ह्या गुळवणी सरांचं माझ्यावर लै उपकार हायत. मशिनी भंगाराच्या भावात. कधी भेटलं ना हे सर, तर मी पाया पडीन."



"पडा की मग," शालनमावशी म्हणाल्या. "हेच ते."

मगदूमांनी कागदाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. काउंटरवरच्या पेनड्राइव्हकडे, टॉर्चकडे, दाताच्या काड्यांकडे बघितलं. त्यांचा चष्मा सावकाश खाली आला. मी मघापासून त्यांना जे जे बोललो होतो त्यातला एक शब्द जरी त्यांनी परत केला असता तरी मला बरं वाटलं असतं. पण ते भल्या घरचे निघाले.

"चहा सांगू का, सर?" ते म्हणाले.

चहा. तपासणीच्या त्या दिवशीही चहाच होता. स्टाफरूममध्ये आम्ही तिघे, समोर कागद. एक सदस्य म्हणाले, बॅटऱ्या फुगल्यात म्हणे. दुसरे म्हणाले, आता कोण उघडत बसणार. शालनमावशी कप गोळा करायला आल्या होत्या. त्या दारात थांबून म्हणाल्या होत्या, "सर, मी एकेक चार्जरला लावून बघू का? एखादा चालू असंल." आणि मी म्हणालो होतो, "मावशी, तांत्रिक गोष्ट आहे ती." मग मी सही केली होती. माझी सही सुवाच्य आहे. लहानपणापासून तिचं कौतुक होत आलंय.

"मावशी," मी म्हणालो, "त्या वेळी परिस्थिती अशी होती की..."

"परिस्थिती मला ठावं हाय. मी तिथंच हुते." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला उत्तर देता आलं असतं. "मयूरीचं नाव त्या यादीत हुतं. एकोणिसावं. स्टेजवर ज्या पाच पोरी उभ्या केल्यासा, त्यात ती हुती. फोटो हाय घरात. आमच्या बहिणीनं फ्रेम करून दिलाय. लॅपटॉप धरलेला."

"हो, पण नियमावली..."

"आन् कपाटाची किल्ली कुणाकडं हुती, सर? माझ्याकडं. माझ्या कमरेला. तीन वर्षं. पोरगी दुपारची ग्रंथालयात यायची. आई, कुणी न्हाई, एक तास दे. प्रोजेक्ट टाइप करायचाय. मी म्हणायची, न्हाई. गुळवणी सरांच्या सहीचा कागद हाय कपाटावर, परवानगीशिवाय हात लावू नये. ती म्हणायची, आई, ते माझ्यासाठीच आल्यात ना? मी म्हणायची, आल्यात, पण अजून दिल्यात कुठं? मग ती बसस्टँडजवळच्या कॅफेत जायची. तिथली पोरं मागं उभी राहून बघायची काय लिवते ते. घरी येऊन रडायची. आन् मी? मी रोज सकाळी कपाट उघडायची, तीस मशिनी पुसायची, कपाट लावायची. चोर असते तर बरं झालं असतं, सर. एक तरी तिला मिळाला असता."

मगदूम काचेवरचा तो दाणा बोटाने इकडून तिकडे सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी म्हणालो, "मी प्राचार्यांकडे जातो. सोमवारी. लेखी तक्रार करतो."

"कुणाची?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी खवचटपणे विचारला असता तर गोष्ट वेगळी. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आन् तक्रार केली की हा मशीन पुरावा म्हणून जाणार का कपाटात? मग सोमवारी नऊ वाजता पोरगी काय दाखवणार त्या कंपनीला?"

काही सुचेना तेव्हा माणूस पाकिटाला हात घालतो. "मग असं करू. याचे पैसे मी देतो."

"नगं."

"मावशी, ऐका..."

"नगं म्हटलं की. तुम्ही पैसे दिले की मला तुमच्यावर रागावता यायचं न्हाई. आन् मला रागवायचं हाय. लै दिवस." त्यांनी बॅटरी परत खाचेत बसवली, बटणं सरकवली. खट्ट, खट्ट. मग मगदूमांकडे वळल्या. "कितीला म्हणाला होतासा?"

"अठरा. पण आता..." मगदूम चाचरले. "आता सरांची ओळख निघाली, सरांसाठी हजार कमी करतो."

"त्यांच्यासाठी काय म्हणून कमी करतासा? माझ्यासाठी करा. पुसलाय मी त्याला तीन वर्षं."

"दोन हजार कमी," मगदूम लगेच म्हणाले.

"बिलावर लिवा, पोर्ट बंद निघाला तर परत घेणार म्हणून."

"लिवतो. आन् परत यायची येळ आली तर मी तुमच्या घरी येऊन घेऊन जातो. बास?"

मावशींनी पिशवीतून पेडल काढलं. मगदूमांनी मधल्या खुर्च्या बाजूला केल्या. शालनमावशींनी पेडल फरशीवर ठेवलं, वायर उजवीकडच्या यूएसबीत घातली, ज्यात अक्षता होती त्यातच. मयूरीने शिकवून ठेवलेलं असणार. त्यांनी स्वतः कंपनीच्या कागदावर बघून एकेक बटण दाबलं, मला हात लावू दिला नाही. हेडफोन कानाला लावला. मग चपलेतून पाय काढला आणि अनवाणी पायाने पेडल दाबलं.

थोडा वेळ त्यांचा चेहरा कोरा होता. मग त्या म्हणाल्या, "बोलतोय. कोण तरी बापय बोलतोय, इंग्लिशमध्ये." पाय उचलला. "थांबला." टाच दाबली. "मागं गेला. परत तेच बोलतोय." आणखी एकदा दाबलं. एखादं लहान मूल सांगितल्यासारखं ऐकतंय का हे बघावं तसं त्या त्या अनोळखी डॉक्टरला थांबवत होत्या, मागे नेत होत्या, परत बोलायला लावत होत्या. आपल्या पायाखाली कोणी तरी शिकलेला माणूस असा थांबतो, हे त्यांना बहुतेक पहिल्यांदाच कळत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मयूरीचा होता. जेवणाची सुट्टी झाली असावी. मावशींनी हेडफोन काढला, फोन स्पीकरवर टाकला.

"आई, मिळाला का?"

"मिळाला."

"पेडल चाललं?"

"चाललं. मी चालवून बघितलं."

"तू?" पलीकडे हसू फुटलं. "आणि लॅनचा, इंटरनेटच्या वायरीचा पोर्ट? ते नीट बघा हं. इथं काल एका मुलीला त्याच्यावरूनच परत पाठवलं. आई, जास्त घासलेला नाही ना गं? आधी कुणाचा होता?"

शालनमावशींनी माझ्याकडे बघितलं. फोन काउंटरवरून उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"सर हायत. तेच सांगतील तुला."

मी फोन घेतला. स्पीकर बंद केला नाही. तसा तो बंद करायची मला इच्छा होती हे नमूद करतो. मी सांगितलं. सगळं एका दमात सांगता आलं नाही. कपाटापाशी एकदा अडलो, सहीपाशी एकदा अडलो. नियमावलीच्या एकोणीस पानांचं काही सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. शेवटी म्हणालो, "चौदा नंबरचा आहे हा. तीसमधला. म्हणजे तुमचाच."

पलीकडून डबे उघडल्याचे, मुलींच्या बोलण्याचे आवाज येत होते. मला वाटलं ती आता ओरडेल. मी तयारीत होतो. खरं तर वाट बघत होतो.

"सर," ती म्हणाली. आवाज सपाट होता, काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा. "लॅनचा पोर्ट चालू आहे?"

"आहे."

"हेडफोन?"

"चालू आहे. दोन्ही कानांत."

"यूएसबी?"

"तिन्ही चालू आहेत."

"तुम्ही स्वतः लावून बघितलेत?"

मगदूम कागद फाइलीत परत लावत होते, ते थांबले. शालनमावशी पेडल पिशवीत घालत होत्या, त्याही थांबल्या.

"हो," मी म्हणालो. "आज बघितले."